कमलम्माची पच्चडी

“अहो महामायाताई, पाककृतीवर कुणाची मालकी असते का? अंबाडी सगळ्यांची, मिरची सगळ्यांची!”

फोनवर मालविकाताईंचा आवाज गोड होता. त्या चिडल्या की तो आणखी गोड व्हायचा, हे ‘लातूरचं ताट’ या मोबाइलवरच्या ग्रुपातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

“हाव, सामान सगळ्यांचं. पच्चडी बी कुणीबी करावी,” महामायाबाई म्हणाल्या. “पर लिव्हलेलं माझं हाय, फोटो माझा हाय. आन् वर ‘आमच्या आजीच्या हातची’ कुणी घातलं? तुमच्या आजीनं धर्माबाद बघितलं तरी होतं का?”

महामायाबाई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. जन्मभर इंजेक्शनं देऊन त्यांचा हात हलका झाला होता, जीभ मात्र झाली नव्हती. घरी वेळ जाईना म्हणून त्या या स्वयंपाकाच्या ग्रुपात शिरल्या. ग्रुपच्या माथ्यावर मालविकाताईंनीच नियम लिहून ठेवले होते. दुसऱ्याचा फोटो आणि मजकूर विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि जिच्याकडून शिकलात तिचं नाव द्यायचं. महामायाबाईंना हे फार पटलं होतं. त्यांनी अंबाडीची पच्चडी, म्हणजे तेलुगू घरातली आंबट-तिखट चटणी, लिहिली तेव्हा पहिलीच ओळ होती, ‘ही मला धर्माबादच्या कमलम्मांनी शिकवली.’

आता ग्रुपचं पुस्तक निघणार होतं. त्याची पानं ग्रुपवर आली आणि महामायाबाई बघतात तर काय, पच्चडी होती, मजकूर शब्दन् शब्द त्यांचाच होता, कमलम्मा तेवढ्या गायब. फोटोतल्या स्टीलच्या गंजावर, त्या उभट पातेल्यावर, ‘कमलम्माकडून सप्रेम भेट’ असं कोरलेलं होतं, तेही नेमकं छाटलेलं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आता दाद मागायची कुणाकडे?

“पुस्तकाला एका घरचा जिव्हाळा हवा ना,” मालविकाताई समजावू लागल्या. “म्हणून सगळीकडे आजी घातली. बरं, तुमचं नाव घालते, झालं?”

“माझं कशाला? माझं नाव लई वर्षं पगारपत्रकावर आलं. कमलम्माचं घाला.”

“त्या आपल्या ग्रुपात कुठं आहेत? ज्या मेंबर आहेत त्यांचीच नावं असं ठरलंय.”

“मग माझा मजकूर काढा, फोटो काढा. मी परवानगी देत न्हाई. लिहून पाठवते तसं.”

आणि त्यांनी खरोखरच ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहून पाठवलं. संध्याकाळपर्यंत मालविकाताईंनी पुस्तकातून पच्चडी काढली आणि ग्रुपातून महामायाबाईंना. कुणी चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणाऱ्या बायकासुद्धा गप्प बसल्या, आणि तेच महामायाबाईंच्या मनाला जास्त लागलं.

पण त्याहून जड एक काम बाकी होतं. कमलम्मा आता नव्हत्या. पच्चडी लिहिण्याआधी महामायाबाईंनी त्यांच्या सुनेला, गौरम्माला, धर्माबादला फोन करून विचारलं होतं. गौरम्मा म्हणाली होती, “लिव्हा की अक्का. फकत आमच्या अत्तम्माचं, सासूचं, नाव घाला. तिचं नाव कुठं छापून आलं न्हाई कधी.” पुस्तक निघणार म्हटल्यावर महामायाबाईंनी तिला शब्दही देऊन टाकला होता. आता पुन्हा फोन लावून त्यांनी सगळं सांगितलं.

“तुमचं तरी येऊ द्यायचं हुतं, अक्का.”

“तिला सोडून माझं? तिनं मला आत घेतलं तवा माझं नाव बी इचारलं नव्हतं गं.”

ते खरंच होतं. पहिली नेमणूक धर्माबादला झाली तेव्हा महामायाबाई पोरसवदा होत्या. खोली बघायला जायच्या, घरमालक आडनाव विचारायचा आणि मग खोली कालच दिल्याचं त्याला अचानक आठवायचं. दवाखान्यामागच्या घरात कमलम्मा दारात बसून मिरच्यांची देठं काढत होती. तिनं एकच विचारलं, “तिखट चालते का?” महामाया हो म्हणाली, आणि खोली मिळाली. पुढं सबंध मुक्काम ती कमलम्माच्याच चुलीपाशी जेवली. अंबाडी धुतली की फडक्यावर पसरून पार कोरडी करायची, पाण्याचा थेंब राहिला तर पच्चडी नासते, म्हणून कमलम्मा तिच्या हातून पानं काढून घ्यायची आणि पुन्हा पुसायची. “दवाखान्यात पुसती तसं पूस!” असं ओरडायची. बदली झाली तेव्हा तिनं दुकानातून नाव कोरून आणलेला तो गंज हातात दिला होता.

पुस्तकाचं प्रकाशन मंगल कार्यालयात होतं. जाहीर आमंत्रण होतं, येताना घरचा एक पदार्थ आणावा असंही छापलं होतं. महामायाबाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली, गंज घासून लख्ख केला, काठोकाठ पच्चडी भरली आणि ऑटो केली.

दारातच मालविकाताई उभ्या होत्या. “अय्या, तुम्ही?” आवाज फारच गोड झाला. “पण तुम्ही आता ग्रुपात...”

“ग्रुपात न्हाई, गावात हाय की. आमंत्रण गावाला हाय.”

पाहुणे मागं खोळंबले होते. मालविकाताई बाजूला सरल्या.

लांब टेबलावर पदार्थ मांडले होते. मालविकाताईंची मुलगी वैष्णवी प्रत्येकीकडून चिठ्ठी भरून घेत होती. “काकू, पदार्थ?” “अंबाडीची पच्चडी.” “नाव?” महामायाबाईंनी पेन मागून घेतलं आणि दवाखान्यातल्या ठळक अक्षरात लिहिलं : कमलम्मा, धर्माबाद. चिठ्ठी गंजाला टेकवून ठेवली, कोरलेली अक्षरं लोकांकडं येतील असा गंज फिरवला, आणि पदर खोचून टेबलामागं उभ्या राहिल्या. कुणी गंज हलवला असता तर त्यांनी हात धरला असता. मालविकाताई दोनदा येऊन गेल्या. हात कुणी लावला नाही.

भाषणं झाली. आभार झाले, ते नेहमीप्रमाणे भाषणांपेक्षा लांबले. मग बायका टेबलावर तुटून पडल्या. पच्चडीपाशी पुन्हा पुन्हा भाकरीचे तुकडे येऊ लागले. ग्रुपात गप्प बसलेल्या दोघीतिघी नजर चुकवत आल्या आणि मोठ्यानं चिठ्ठी वाचून गेल्या. महामायाबाईंनी त्यांनाही वाढलं.

शेवटी एक म्हातारी नातीच्या हाताला धरून आली. तिनं बोट चाटलं, डोळे मिटले.

“लई दिसानं असं आंबट खाल्लं, माय. कमलम्मा मंजे तुमीच का?”

मालविकाताई शेजारीच पाण्याचे पेले भरत होत्या. त्यांचा हात थांबला.

“न्हाई,” महामायाबाई म्हणाल्या. “त्या वारल्या. मी त्यांच्या घरची.”

म्हातारीनं मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा पुढं केला. गंजात आता थोडीच उरली होती. महामायाबाईंनी ती चमच्यानं कडेकडेनं खरवडून तिला वाढली, आणि कोरलेल्या अक्षरांवर सांडलेला तेलाचा ओघळ पदरानं पुसून टाकला.