काजऱ्याची सहाण

वनमाला बाजारातून परतली तेव्हा शिवदास गॅलरीत पाय लांब करून बसला होता आणि त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर करड्या रंगाचा लेप वाळत होता.

"ह्यो कसलो लेप?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काजऱ्याचो. गावसून बियो हाडलंय ना."

तिने भाजीची पिशवी खाली ठेवली. "खंय उगाळलात?"

"सहाणेर. खालच्या बाजूक. वरची बाळाची, म्हायती हा माका."

कुडाळजवळच्या त्यांच्या गावात काजऱ्याचं झाड सगळ्यांच्या ओळखीचं होतं. वैद्य त्याला कुचला म्हणत आणि त्याची बी दुधात शिजवून, शुद्ध करूनच औषधात वापरत. तशीच पोटात गेली, तर ती विषच. म्हणून काजरा उगाळायचा दगड वेगळा असे आणि तो मागच्या पडवीबाहेर, वळचणीखाली ठेवलेला राही. मुलुंडच्या या दोन खोल्यांच्या घराला मागची बाजूच नव्हती. सहाण एकच होती, दोन्हीकडून सपाट, आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर असे.

वनमाला आत गेली. सून गंधाली दोन महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, आज गुटी मीच दिली. तुम्हाला उशीर झाला ना. हिरडा, बेहडा, वेखंड, तुम्ही दाखवलंत तसाच एकेक वेढा."

"सहाणेच्या कुठल्या बाजूवर उगाळलीस?"

"जी वर होती तिच्यावर. का?"

वनमालाने ओट्यावरच्या सहाणेवर बोट फिरवून जिभेला लावलं. कडू. पण गुटीही कडूच असते. जिभेवरून काहीच ठरेना. तिने वळून, आडपडदा न ठेवता, सुनेला सगळं सांगितलं.

गंधालीने बाळाला घट्ट छातीशी धरलं आणि लगेच, आपण त्याला दाबतो आहोत हे जाणवून, हात सैल केले. शिवदास लंगडत दारात येऊन उभा राहिला होता.

"बाबा, उगाळून झाल्यावर सहाण धुतली होती?"

"धुतली," तो म्हणाला.

"तरी हॉस्पिटलात जायचं," वनमाला म्हणाली. "आणि त्याला धक्का लागू देऊ नकोस. मोठा आवाजही नको." गावात काजरा खाल्लेलं एक कुत्रं तिने पाहिलं होतं. कुणाच्या तरी हातून कळशी पडली, तेवढ्या आवाजाने त्याचं अंग धनुष्यासारखं ताठ झालं होतं. हे तिने गंधालीला सांगितलं नाही.

गंधालीचा नवरा अनिरुद्ध गोरेगावला शूटिंगच्या सेटवर होता. त्याचा फोन बंद लागला. तिघं रिक्षात बसली. एलबीएस रोडवर वाहनं तुंबली होती. गंधालीने बाळाच्या कानांवर तळहात धरले.

"भाऊ, हॉर्न नका ना वाजवू."

"ताई, मी नाय वाजवला तरी मागचे वाजवणारच ना."

प्रत्येक हॉर्नला बाळ दचके, मुठी वर फेके. एवढ्या वयाची मुलं दचकतातच. पण हे दचकणं तेच की दुसरं, हे दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

महापालिकेच्या हॉस्पिटलात डॉक्टर जेनिस ड्युटीवर होती. वयाने गंधालीएवढीच असेल. बाळाला तपासता तपासता तिने सगळं ऐकलं.

"ज्या दगडावर काजरा, त्याच दगडावर गुटी. मधे दगड धुतला होता?"

"हो, धुतला होता," गंधाली म्हणाली.

शिवदास भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. "काका, बी तुम्ही उगाळलीत ना? मग तुम्ही सांगा. मी ओरडणार नाही. पण खरं काय ते सांगा, पुढचं सगळं त्यावर आहे."

शिवदासने सुनेकडे पाहिलं. 'धुतली' या त्याच्या एका शब्दाच्या आधाराने ती इथपर्यंत ताठ बसून आली होती.

"नाय धुतली," तो म्हणाला. "नळाचं पाणी गेलं होतं. फडक्याने पुसली. परत उलटून ठेवली की नाही, तेही आठवत नाय. घरी खोटं बोललो मी."

गंधाली वळली नाही. डॉक्टरने नर्सला हाक मारली. बाळाच्या नाकातून नळी गेली, छातीवर वायरी लागल्या, कोपऱ्यातल्या खाटेवरचा दिवा मालवून पडदा ओढला गेला.

"दचकेल तो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "त्याने घाबरू नका. दचकल्यावर हात परत सैल पडतात की ताठच राहतात, ते बघायचं. ताठ राहिले तर लगेच हाक मारा."

तिघं खाटेभोवती बसली. पलीकडे कुणी खोकलं, कुणाची चप्पल घासली, की तिघांचे डोळे बाळाच्या मुठींवर जात. शिवदास आपला श्वासही जपून सोडत होता.

मग पडद्यामागे स्टीलचा ट्रे फरशीवर पडला.

बाळाचे दोन्ही हात वर उडाले, बोटं फाकली आणि हात तसेच हवेत राहिले. वनमालाने हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोपरं दुमडली, बोटं मिटली, मुठी हळूहळू छातीवर उतरल्या. बाळाने ओठ मुडपले आणि ते रडू लागलं.

डॉक्टर पडदा सारून आत आली, हातपाय वाकवून पाहिले. "सैल आहेत. भुकेचं रडणं आहे हे. दूध मात्र मी सांगेपर्यंत नाही. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर सुटलो म्हणायचं."

ती गेली. गंधाली बाळाच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

"ती बी सकाळी ओट्यावर होती," ती कुणाकडेही न पाहता म्हणाली. "मला कोटाचं बटण वाटलं. मी उचलून खिडकीत ठेवली." थोडं थांबून तिने विचारलं, "ते झाड कसं असतं, बाबा?"

शिवदास खाटेकडे सरकला. "मोठं असतं. फळं नारिंगासारखी. पोरांका खावशी वाटतत, म्हणून लहानपणीच झाड दाखवून ठेवतात आमच्याकडे. अनिरुद्धला दाखवायचं राहूनच गेलं."

"पान?"

"चकचकीत. देठापासनंच शिरा फुटतात त्याच्या." त्याने आपला तळहात उघडला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मनगटाकडून एकेक शीर त्यावर काढू लागला.

गंधालीने मान वळवून पाहिलं.