घरातलं थँक्यू

माझं इंग्रजी चुकत नव्हतं, तरी काकासाहेब सर खूश नव्हते. राहुरीत ते इंग्रजी बोलायला शिकवतात. मला नर्स म्हणून आयर्लंडला जायचं होतं आणि मुलाखत इंग्रजीतून होती, म्हणून मी त्यांच्याकडं जात होते.

"यशोधरा, तू पेशंटशी फौजदारासारखी बोलतेस," ते म्हणाले. "झोपा. हात द्या. हलू नका."

मला राग आला. वॉर्डात मी अशीच बोलते आणि घरी जाताना म्हाताऱ्या मला पेढे देऊन जातात. पण आपल्याकडं "आजी, जरा हात द्या बरं" म्हटलं की भागतं, निम्मं काम आवाजच करतो. इंग्रजीत ते काम प्लीज आणि थँक्यू करतात, असं सरांचं म्हणणं. कुणी वाट दिली तरी थँक्यू.

"घरीही तसंच बोल. जिभेला वळण लागलं पाहिजे."

मी लागले बोलायला. आईनं चहा दिला, थँक्यू. तिला गंमत वाटायची, तीही उलट मलाच थँक्यू म्हणायची. वडिलांनी, आप्पांनी मात्र ताटात भाकरी वाढली आणि माझं थँक्यू ऐकून तोंड पाडलं.

"मी काय हाटेलवाला हाय का?"

"सरांनी सांगितलंय, आप्पा."

"मंग सरांनाच म्हन की."

तेव्हापासून ते मला काही द्यायचंच टाळायला लागले. पाण्याचा तांब्यासुद्धा आईच्या हातानं पाठवायचे. मला वाईट वाटायचं आणि चीडही यायची. माझी नोकरी टांगणीला लागलेली आणि यांचं आपलं भलतंच.

मुलाखत चांगली झाली. मुलाखत घेणारी बाई पेशंटचं सोंग घेऊन कुरकुरली, तरी प्लीज आणि थँक्यू माझ्या तोंडून आपसूक निघत गेलं. नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी आप्पा स्टँडवर आले. बॅग त्यांनीच एसटीत चढवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग खाली उतरून खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

"थँक्यू, आप्पा."

मी बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते चिडले नाहीत. त्यांनी खिडकीचा गज धरला.

"तिकडं समद्यांला म्हन," ते म्हणाले. "पर एक तरी मानूस आसा ऱ्हाऊ दे, ज्याला म्हनाया लागत न्हाई."

मला रडू फुटलं. गाडी सुटेपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले आणि काहीच म्हटलं नाही.