उजव्या रकान्यातली रिकामी जागा

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. माझा पुठ्ठा निळा आहे आणि कोपरे खारट हवेने फुगले आहेत. माझ्या प्रत्येक पानावर मधोमध एक उभी लाल रेघ आहे. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द आहेत आणि उजवीकडे त्यांचे पोर्तुगीज अर्थ.

अटलांटिक समुद्रातल्या पिकू या पोर्तुगीज बेटावरच्या इदालिना बाईंनी मला सुरू केलं. त्या शाळेत शिकवायच्या. गावातल्या निम्म्या घरांतलं कुणीतरी अमेरिकेला गेलेलं होतं. वर्षातून एकदा तिकडून कापडी गोणी यायची. तिच्यात कोट, साबण, डबे, गोळ्या, मलमं असं सगळं असायचं. गोणी उघडली की आधी तो परक्या साबणाचा वास घ्यायचा आणि मग डबे घेऊन बाईंकडे यायचं, अशी गावाची रीत होती.

बाईंचा एक नियम होता. नवा शब्द आला की त्या तो डावीकडे लगेच लिहीत. उजवी बाजू मात्र रिकामी ठेवत. मग बोट समोरच्या फायाल बेटावर गेली की तिथल्या तारघरातल्या इंग्रज बाईंना विचारून येत आणि शाईने अर्थ लिहीत. रिकाम्या जागेसमोरची वस्तू तोवर कुणी वापरत नसे. मला त्या रिकाम्या जागांची लाज वाटायची. आपण अर्धवट आहोत असं वाटायचं.

म्हातारपणी बाई बहिणीकडे दुसऱ्या बेटावर राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला दुकानदाराच्या मुलीच्या, फिलोमेनाच्या हाती दिलं. ती एकोणीस वर्षांची होती, हुशार होती, पण घाबरायची.

द्राक्षांची तोडणी संपली आणि समुद्र खवळला. त्याच दिवसांत अमारो दुकानात आला. डोंगरकड्यावरच्या झोपडीत बसून व्हेल मासे दिसतात का ते बघायचं, हे त्याचं काम. त्याची चार वर्षांची नतालिया आठवडाभर खोकत होती. डॉक्टर फायालला राहायचे. अमारोच्या हातात बहिणीने पाठवलेली बाटली होती. गोणीतून पातळ औषध पहिल्यांदाच आलं होतं.

"एवढं वाच गं पोरी. किती द्यायचं ते सांग."

फिलोमेनाला सगळं कळलं, एक शब्द सोडून. टीस्पून. तिने तो डावीकडे लिहिला.

"उद्या या, अमारो काका."

"बाई असत्या तर आजच सांगितलं असतं," बाकावर बसलेली शेजारची जासिंता म्हणाली. ते खरं नव्हतं. बाईंनीही थांबायलाच सांगितलं असतं. पण फिलोमेनाचा चेहरा उतरला.

त्या संध्याकाळी तिने बराच विचार केला. स्पून म्हणजे चमचा, हे तिला ठाऊक होतं. आमच्याकडे घरोघरी रोज संध्याकाळी सूप असतं. चमचा म्हटलं की तोच डोळ्यांसमोर येतो, मोठा आणि खोल. तिने उजवीकडे लिहिलं, सुपाचा चमचा. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. एक जागा भरली म्हणून.

दुसऱ्या दिवशी अमारोने माझ्यावर बोट ठेवलं.

"हे कुणाला विचारलंस?"

"विचारून घेतलं."

"कुणाला गं? अकरा दिवस मी वर बसून बघतोय. एक बोट पलीकडे गेलेली नाही."

फिलोमेनाने त्या ओळीवर तळहात ठेवला. मग म्हणाली, "मनाने लिहिलं, काका."

तो ओरडला नाही. खुर्ची ओढून बसला. "पोर खोकून खोकून लाल होते. बाटली घरात आहे. बायको म्हणते, दे. मी म्हणालो, वहीत काय येतं ते बघू. वहीच अशी वागली तर मी कुणाकडे जाऊ?"

फिलोमेनाने पातं आणलं आणि तो अर्थ खरवडून काढला. मला दुखलं, पण जागा भरायची हौस मलाच होती, तेव्हा ते मी मागून घेतल्यासारखंच होतं.

आणखी दोन दिवस नतालिया मधाच्या पाण्यावर खोकत राहिली. तिसऱ्या दिवशी वारा पडला. पहिल्याच बोटीने फिलोमेना मला पोटाशी धरून निघाली. ती आयुष्यात कधी बोटीत बसली नव्हती. जाताना दोनदा ओकली. तारघरातल्या बाईंनी शब्द वाचला आणि खणातून चहाचा इवलासा चमचा काढून तिच्या हातात ठेवला. फिलोमेना तो माझ्या पानांत घालून घेऊन आली. अमारोच्या स्वयंपाकघरात तिने पाणी मोजून पाहिलं. तीन छोटे चमचे भरले तेव्हा सुपाचा एक चमचा भरला.

"तिप्पट," ती म्हणाली आणि खाली बसली.

अमारोने तिच्यापुढे सुपाचा वाडगा सरकवला. "खा. बोटीत सगळं रिकामं करून आलीस म्हणे."

छोट्या चमच्याने औषध सुरू झालं. रविवारपर्यंत नतालिया अंगणात कोंबड्यांमागे धावू लागली.

त्यानंतर फिलोमेनाने मला तीस वर्षं सांभाळलं. पुढे औषधांवर पोर्तुगीज चिठ्ठ्या येऊ लागल्या, मुलं शाळेत इंग्रजी शिकू लागली आणि मी पिठाच्या डब्यामागे पडून राहिले. उंदरांनी कोपरे खाल्ले. मला तिथून काढलं ते नतालियाने. ती आता बेटावरच्या दवाखान्यात परिचारिका आहे.

तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना ती माझं एक पान खिडकीशी धरून दाखवते. खरवडलेला कागद तिथे इतका पातळ झाला आहे की त्यातून ऊन येतं. खरा अर्थ त्याच्या जरा खाली शाईने लिहिला आहे.

माझ्यात अजून सात जागा रिकाम्या आहेत. मला त्यांची लाज वाटत नाही. मित्रांनो, तुमच्याही वहीत अशा जागा असतील. त्या घाईने भरू नका. बोट जाईपर्यंत थांबा.