खैरिप्पीची शपथ

निकारेतीने घट तिरका केला आणि काळ्या मेंढ्याचं रक्त मातीच्या नळीत ओतलं. ते अजून कोमट होतं. नळी थडग्याच्या माथ्यातून खोल अंधारात उतरत होती, आणि खालून घटाघटा पिण्याचा आवाज आला. तिने मान वळवली. सात वर्षं झाली तरी तो आवाज तिला सोसत नसे.

"आज उशीर झाला, निके," खालून टिमांद्रोस म्हणाला.

"मेंढा आवरत नव्हता."

"मनगटाला लागलंय तुझ्या. धुऊन घे."

तिने पाहिलं. मनगटावर खरंच लाल ओरखडा होता.

थडग्याभोवतीच्या भिंतीबाहेर अर्धं लिथोरा गाव गुडघे टेकून बसलं होतं. पुजारी यूमेलोस एकेकाचं गाऱ्हाणं नळीला तोंड लावून सांगत होता, आणि खालून निकारेतीच्या नवऱ्याच्या आवाजात उत्तर येत होतं. कोणाचा ताप कधी उतरेल, कोणाची शेळी कुठे अडकलीय. एकही उत्तर कधी चुकलं नव्हतं.

टिमांद्रोसची होडी बुडाली तेव्हा त्याचं प्रेत सापडलं नव्हतं. गावाने रीतीप्रमाणे रिकामं थडगं बांधलं. नवव्या दिवशी त्याची आई खैरिप्पी तिथे दूध आणि मध ओतायला गेली आणि खालून हाक आली, "आई". त्याच आठवड्यात गावातली साथ थांबली. तेव्हापासून डोंगरावरच्या जुन्या देवांच्या देवळांत कोणी दिवाही लावेना. ते देव कधी बोललेच नव्हते. हा बोलत होता. आणि खोटं बोललेलं याला चालत नसे. कुंभार डोरिस्कोसने मागल्या उन्हाळ्यात याच्या नावाने खोटी शपथ घेतली. दुसऱ्या दुपारी तो स्वतःच्या जैतुनाखाली बसलेला सापडला, तोंडात घशापर्यंत माती कोंबलेली. माती त्याच्याच नखांत अडकली होती.

दुपार चढली तसे लोक आपापल्या घरी गेले. निकारेती रिकामा घट घेऊन चढण चढली. तिच्या उंबऱ्यावर एक माणूस बसून वाडग्यातलं पाणी पीत होता. डावा कान मुळापासून कापलेला. पायांवर बेड्यांचे वळ. तिला पाहून तो उठला, आणि उठताना त्याने सवयीने उजवा हात कमरेवर ठेवला.

घट तिच्या हातून सुटला.

"अगं, फोडलास की," तो म्हणाला. "ओळखलं नाहीस?"

तिने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दाराला अडसर घातला. दंड उबदार होता. घामाचा वास येत होता. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"तुला कोणी पाहिलं का?"

"वाटेवर एक म्हातारा होता, अंजिराखाली डुलक्या काढत. काय झालंय काय तुला? सात वर्षं चांदीच्या खाणीत होतो, निके. समुद्रातून ज्यांनी काढलं त्यांनीच विकलं मला. आणि तू अशी बघतेस, जणू काही मी चोर आहे."

तिने त्याला सांगितलं. आधी तो हसला.

"मी? देव? अगं, मला धड जाळं टाकता येत नव्हतं! माझ्या नावाने मेंढे कापतात? आणि मी तिकडे कांद्याच्या सालीसाठी मारामारी करत होतो!"

"हळू बोल."

"बोलतो कोण मग खाली? यूमेलोस? तो पहिल्यापासून लबाड."

"तो तुझ्याच आवाजात बोलतो. आपल्या दोघांनाच ठाऊक असलेलं त्याला सगळं ठाऊक आहे. आपल्या मुलीचं नाव घेतो तो."

टिमांद्रोसचं हसू ओसरलं. तो कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे पाहत राहिला.

"मुलगी," तो म्हणाला.

"आपली मुलगी. तीन दिवस जगली. नाव आपण कोणालाच सांगितलं नव्हतं."

"मला मुलगी होती?"

स्वयंपाकघरात सासूचं जातं फिरायचं थांबलं. आपण दाराला अडसर घातलाय आणि आत आपल्यासोबत कोण आहे हे आपल्याला माहीत नाही, असं निकारेतीला वाटून गेलं.

तो हळूच तिच्यासमोर बसला.

"बुडत होतो तेव्हा मी ओरडलो," तो म्हणाला. "कुठल्या देवाला, ते कळत नव्हतं. जो कोणी असेल त्याने घ्यावं, म्हणालो. माझं असेल नसेल ते सगळं घ्या, जीव तेवढा ठेवा. खालून कोणीतरी पाय धरला. मग सोडला. त्यानंतर खूप गोष्टी आठवेनाशा झाल्या. मला वाटलं, खाणीतल्या मारामुळे असेल." त्याने मान वर केली. "काय नाव होतं तिचं?"

तिने दाराच्या अडसराकडे पाहिलं.

"ख्लोरिस."

"ख्लोरिस," तो म्हणाला. परक्या गावाचं नाव घ्यावं तसा. मग पुन्हा एकदा. मग ओठातल्या ओठात, घोकल्यासारखा. थडग्यातला ते नाव दर अमावास्येला अगदी लाडाने घ्यायचा, आणि ते ऐकताना निकारेतीला गळ लागल्यासारखं व्हायचं. याच्या तोंडून ते अडखळत आलं, आणि तिला सात वर्षांत पहिल्यांदा रडू आलं.

खैरिप्पी पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. तिला आता सावल्यांपलीकडे फारसं दिसत नसे. ती जवळ आली, तिने पिठाच्या बोटांनी त्याचं कपाळ, नाक, कापलेल्या कानाची जागा चाचपली. हात त्याच्या गालावर होता तसाच राहिला.

"आई," तो म्हणाला. "भूक लागलीय."

दारावर थाप पडली.

"मी यूमेलोस. एकटाच आहे. उघड."

पुजारी आत आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचं पागोटं सुटलं होतं. टिमांद्रोसला पाहून तो दारातच थबकला. दोघं लहानपणी एकाच होडीवर होते.

"खरंच की रे," तो पुटपुटला. "बाबा रे, तू कशाला आलास?"

"माझं घर आहे हे."

"ऐक. आज दुपारी तो आपणहून बोलला. कोणी ओतलेलं नव्हतं, विचारलेलं नव्हतं. म्हणाला, माझ्या घरात कोणीतरी माझं तोंड लावून बसलंय, त्याला माझ्याकडे आणा. लोकांनी फावडी काढलीत." यूमेलोसने तोंडावरून हात फिरवला. "मला शिव्या नको देऊ. मी पहिल्या वर्षीच पळून जाणार होतो. जमलं नाही. रात्री झोपेत माझ्या तोंडात माती येते."

"फावडी ठेवायला सांग त्यांना," खैरिप्पी म्हणाली. "आधी मी बोलते त्याच्याशी. मी आई आहे."

ते उतरले तेव्हा ऊन भिंतींवरून परतत होतं. टिमांद्रोसच्या डोक्यावर पोतं घातलं होतं आणि दोघांनी त्याचे दंड धरले होते. "काही झालं तरी आवाज काढू नकोस," यूमेलोसने त्याला बजावलं होतं. माणसं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. एका बाईने मुलाचे डोळे पदराने झाकले.

निकारेतीने सासूला हाताला धरून थडग्यापाशी नेलं. म्हातारी कण्हत गुडघ्यांवर बसली.

"आई," खालून आवाज आला. आज त्यात लाड नव्हता. "आणलंस त्याला?"

"कोणाला रे?"

"माझ्यासारखा दिसतो त्याला. खाली दे त्याला."

"तो भिकारी आहे. खाणीतून सुटलेला. पाणी मागितलं, मी दिलं."

"शपथ घे."

गर्दीतून कोणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. डोरिस्कोसची बायको पहिल्याच रांगेत होती. निकारेतीने पुढे झुकून सासूचा खांदा धरला. नको, असं तिला म्हणायचं होतं. आणि याआधी कधीच नव्हतं वाटलं ते तिला वाटलं. खालचा वाट पाहत होता. गावाइतकाच घाबरून.

खैरिप्पीने तापलेल्या दगडावर पंजा टेकला.

"माझ्या पोटी एकच मुलगा," ती मोठ्याने, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशी म्हणाली. "तो इथे आहे. त्या पोत्यातल्याला मी ओळखत नाही. खोटं बोलत असेन तर माझ्या तोंडात माती पडो."

पोतं एकदा हललं, मग स्थिर झालं.

जमीन थरथरली. थडग्याच्या कडेचे खडे घरंगळत खाली आले आणि नळीतून ओल्या मातीचा जड वास वर आला. लोक मागे सरले. निकारेती सासूच्या तोंडाकडे पाहत होती, ते कधी उघडेल, हात कधी मातीकडे जातील. म्हातारी तशीच बसून होती. ओठ मिटलेले, चेहरा शांत.

थरथर थांबली.

"जाऊ दे त्याला," खालून आवाज आला. "सूर्य मावळायच्या आत जाऊ दे." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "आई, ऊठ. दगड तापलाय. गुडघे दुखतील तुझे."

यूमेलोसने स्वतः टिमांद्रोसला बंदराकडे नेलं. वळणावरून जाताना तो निकारेतीच्या कानाशी पुटपुटला, "भूशिराच्या मागे छोटी होडी आहे. सूर्य बुडेपर्यंत तुझी वाट पाहायला सांगतो त्याला. मी काही पाहिलेलं नाही."

घरी आल्यावर तिने सासूला बाकावर बसवलं, पाणी दिलं. म्हातारीने दोन घोट घेतले. मग निकारेती पेटीतून जाड चादर काढू लागली आणि परत ठेवू लागली.

"जा तू," खैरिप्पी म्हणाली. "घड्या कशाला घालत बसलीस?"

"आणि तुम्ही? आई, तुम्ही पण चला. होडी आहे."

"मी कुठे येऊ या वयात."

"तो मला शोधेल. तुम्हाला विचारेल."

"सांगेन, माहेरी पळाली कृतघ्न. सगळ्या सासवा हेच सांगतात." ती हसली. दात फक्त दोन उरले होते. "मला काही करायचा नाही तो."

निकारेती तिच्यासमोर उकिडवी बसली. विचारावं की नाही हे तिला ठरवता येईना. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती.

"तुम्ही त्याला ओळखलं ना? हात लावल्या लावल्या ओळखलं."

"आंधळी झाले म्हणून काय झालं? माझ्या हातांनी वाढवलेलं तोंड आहे ते."

"मग खोटी शपथ घेतलीत, आणि तुम्हाला काहीच झालं नाही. असं कसं?"

म्हातारीने वाडगा चाचपत बाजूला ठेवला.

"टिमांद्रोसने कधी विचारलं नाही, आई, कशी आहेस. एकदाही नाही. वाईट नव्हता तो. सुचायचंच नाही त्याला. आजसुद्धा पाहिलंस ना, भूक लागली म्हणाला." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "खालच्याने पहिल्या दिवशीच विचारलं. तेव्हाच कळलं मला, हा माझा नव्हे. सात वर्षं रोज विचारतो. आता तोच माझा."

"आई..."

"खोटी शपथ घेतली, असं तुला कोणी सांगितलं, पोरी?"

निकारेती उठली. तिने खैरिप्पीच्या केसांतून पीठ झटकलं, शाल तिच्या खांद्यांवर नीट ओढली, आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

भूशिरापर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. होडी खडकाच्या आड होती. टिमांद्रोस पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून ती धरून होता. डोळे सुजले होते. त्याने तिला आत चढायला हात दिला आणि मग तो सोडेचना.

"आई काय म्हणाली?"

पाणी होडीच्या कडेवर आपटत होतं. निकारेतीने वल्हं उचललं.

"म्हणाली, सांभाळून जा, बाळा."