एका माणसाचे आठ डोळे

दुपारी तीनच्या टपालाने चारशे पत्रं निघायची होती. मजकूर जेमतेम चार ओळींचा. डोळ्यांच्या कोरडेपणावर आमच्या दवाखान्यातून दिलेले थेंब आजपासून बंद करावेत. त्यांनी डोळ्याचा दाब वाढतो असं अभ्यासात दिसलं आहे. खाली दवाखान्याच्या प्रमुख, मोठ्या बाईंच्या सहीपुरती जागा सोडलेली.

त्या चार ओळींमागचा आकडा जिने काढला, तिला दवाखान्यात सगळे आकडेताई म्हणत. आणि त्या चारशे नावांत एक नाव तिच्या बाबांचं होतं.

बाबा घड्याळजी. डोळे इतके कोरडे पडले होते की पापणी मिटली तरी टोचायची, उघडली तरी टोचायची. थेंब सुरू झाले, नजर ठरली, दुकानाची फळी पुन्हा उघडली. काल संध्याकाळी तिनेच त्यांना थेंब बंद करायला लावले. सकाळी ती निघाली तेव्हा बाबा भिंग डोळ्याला लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते.

"वाळू घातल्यासारखं होतंय गं," ते म्हणाले. "पण तुझा आकडा म्हणतोय ना, मग खरंच असणार."

ते वाक्य सकाळपासून तिच्या मागे लागलं होतं.

अभ्यासात औषधाच्या थेंबांनी ज्यांचा दाब वाढलेला दिसला, त्यांना तपासायला बोलवायची पत्रं वेगळी होती. तिने आपल्या तक्त्यातल्या ओळी उचलून तशाच टपालकाकांकडे धाडल्या होत्या. बाराच्या सुमाराला काका पत्त्यांच्या चिठ्ठ्या फडकावत आले.

"आकडेताई, या एका आजोबांना आठ पाकिटं?"

"आठ?"

"मोजून आठ. या मास्तरांना आठ, या मावशींना आठ. तीन घरांत चोवीस पत्रं! माणसं आहेत की कोळी? आठ डोळे कोळ्यालाच असतात म्हणे."

ती हसायला गेली आणि हसू ओठांवरच थिजलं.

दवाखान्याची रीतच तशी होती. इथे माणसं कुणी मोजत नसे, डोळे मोजत. "आज किती डोळे झाले?" असंच एकमेकांना विचारत. नोंदवहीत उजव्याची ओळ वेगळी, डाव्याची वेगळी, आणि दर डोळ्याच्या चार भेटींच्या चार. म्हणजे एका माणसाच्या आठ ओळी. अभ्यासात खऱ्या थेंबांची वीस माणसं, तुलनेसाठी नुसत्या खाऱ्या पाण्याच्या थेंबांची वीस. आणि तिने दोन्हीकडे एकशेसाठ धरून गणित मांडलं होतं. चोवीस विरुद्ध आठ! थेंब निर्दोष असते तर योगायोगाने एवढा फरक हजारात तीनदाच पडला असता, असं ती छाती ठोकून म्हणाली होती.

चोवीस नव्हतेच ते. तीन होते. आणि पलीकडचे आठ म्हणजे एक.

तिने गणित पुन्हा मांडलं. विसांत तीन, विसांत एक. एवढा फरक नुसत्या योगायोगाने निम्म्याहून जास्त वेळा पडतो.

मोठ्या बाई सह्या करत बसल्या होत्या. शंभरेक झाल्या असतील.

"बाई, थांबा. माझी चूक झाली." तिने एका दमात सगळं सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुझे बाबा हेच थेंब घालतात ना?"

"हो."

"मग नकोसा निकाल आला म्हणून खोदत बसलीस, असं म्हणतील लोक. हवासा आला असता तर खोदला असतास?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "नसता खोदला."

"हं. मग जा, हव्याशालाही तीच फूटपट्टी लाव. कोरडेपणा कमी होतो म्हणालो होतो आपण. तेही माणसं मोजून आण. ते कोसळलं तर कोसळलं."

हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ते कोसळलं तर पत्र गेलं नाही तरी थेंब जाणार, बाबांचं बरं वाटणंही मनाचे खेळ ठरणार. ती जागेवर आली. एकेक माणूस एकदाच, नावासकट मोजला. आराम पडलेले: थेंबांचे विसांत सतरा, खाऱ्या पाण्याचे विसांत आठ. पहिल्याइतका दिमाखदार आकडा आला नाही. पण उभा राहिला, आपल्या पायांवर.

तिचा जीव भांड्यात पडला, इतका की टपालकाकांनी विचारलं, "पाणी देऊ का?"

बाईंनी कागद दोनदा वाचला. "दाबाबद्दल आपल्याला अजून काही कळलेलं नाही, असंच अहवालात लिहायचं. निर्दोष म्हणायचं नाही. आणि त्या तिघांना, पलीकडच्या एकाला आजच बोलव." मग सह्या केलेला गठ्ठा त्यांनी स्वतःच फाडला. फाडता फाडता खुर्चीत मागे रेलल्या. "चारशे माणसांना उगाच रडवलं असतं गं आपण. सुटलो!"

तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, थेंब घाला."

"आँ? आकडा फिरला?"

"आकड्याचं काही नाही, मीच चुकीचा मोजला. पण दर तीन महिन्यांनी दाब तपासायला यायचं, टाळाटाळ चालणार नाही."

पलीकडे लांब श्वास ऐकू आला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"ठेव फोन," बाबा म्हणाले, "एका हाताने थेंब नेमके नाकावर पडतात."