सासूबाईंचे आसन आणि पंक्चर झालेले चाक

पणजेसासूबाई एकदा बसल्या की देव आला तरी उठत नसत. आजेसासूबाईंनी छत गळू लागले तेव्हा बसल्या जागी छत्री उघडली. आणि सासूबाईंनी तर या दोघींवर ताण केली होती. वडीलधाऱ्या बाईला 'उठा' म्हणायचे नाही, हा त्या घराचा अलिखित कायदा. थोरली सून या तिघींच्या मागून आलेली, म्हणजे आजवर उभीच.

धाकट्या नणंदेकडे निघालेली मंडळी वाटेत सपाट, टणक जागा पाहून चहाला थांबली. सासूबाई मोटारीतून उतरल्या, मागे जोडलेल्या चाकांवरच्या छोट्या घरात, म्हणजे कॅरव्हॅनमध्ये, शिरल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत स्थानापन्न झाल्या. त्यानंतर कळले की, त्या घराचे डावे चाक पार चपटे झाले आहे.

नवरा कामाला पक्का. मोटार जोडलेलीच ठेवली, हँडब्रेक ओढला, पलीकडच्या चाकापुढे-मागे ठोकळे लावले, चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. जॅकसुद्धा सांगाड्याखाली नेमका बसवला. फक्त आईचे काय, ते त्याने सोयीस्करपणे विचारात घेतले नाही.

"अहो, आत आई आहेत," सून म्हणाली.

"अगं, वजन ते किती! हळूच उचलतो. तिला कळणारसुद्धा नाही."

घर वर गेले. आत सासूबाई पडदा सारायला वळल्या. घर करकरले आणि जॅक कलला.

"आधी खाली घ्या!" सून ओरडली. घर टेकताच ती दाराशी गेली.

"आई, उठा."

"कुणाला सांगतेस?"

"तुम्हालाच. तुम्ही हललात की हे धूड तुमच्या लेकाच्या हातावर येईल."

"माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला कधी..."

"त्यांच्या घराला चाकं नव्हती."

सासूबाई उठल्या. "कुणी सांगितलं म्हणून नव्हे हो, पाय आखडलेत," असे त्यांनी जाहीर केले आणि रस्त्यापासून दूर उभ्या राहून हुकूम सोडू लागल्या, "शेजारचा नको रे, समोरचा नट आवळ!" स्टेपनी चढली. घर खाली टेकल्यावर नट पुन्हा करकचून आवळले. थोडे पुढे जाऊन ते परत तपासायचे ठरले.

दमलेली सून आत गेली आणि काही न सुचून त्याच खुर्चीत बसली. लग्नानंतर पहिल्याच दिवशी ती अशीच चुकून सासूबाईंच्या खुर्चीत बसली होती, आणि भर पाहुण्यांत त्यांनी तिला उठवले होते.

ती गडबडून उठू लागली.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "चहा मी करते."

कप तिच्या हाती देऊन त्या स्वतः समोरच्या स्टुलावर टेकल्या. चहात साखर अंमळ जास्तच पडली होती; ती व्याजाची धरली, तर जुने देणे पुरते फिटले.