वशिंडाचं हाड

गुलनाज मॅडमचा जीव त्या सकाळी नुसता टांगणीला लागला होता. संग्रामपूरकडच्या त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात उकंडरावांच्या बैलाचा सांगाडा उभा होता, अन् खुद्द उकंडराव तो बघायला येणार होते.

बैल मेला तेव्हा उकंडरावांनी त्याला मीठ घालून आपल्याच वावरात पुरलं होतं. पुढं बोंडअळीनं बीटी कापसाची पार वाट लावली अन् त्या बैलाचा जोडीदारही विकावा लागला. तरी सहावीला पाठीचा कणा शिकवायला मॅडमनी हाडं मागितली, तेव्हा माणूस नाही म्हणाला नाही. अट मात्र घातली. "जसा होता तसा उभा करा माहा बैल. नाही जमलं, त हाडं वापस मातीत!"

पोरांनी उकरलं, धुतलं, तारेनं बांधलं. बरगड्या काय, शेपटीचे मणके काय, पोरांचं कौतुक करावं तेवढं थोडं!

उकंडराव आले. गोल फिरले. खांद्यापाशी थांबले अन् कडाडले, "वशिंड कुठी हाय? एवढं मोठं वशिंड होतं त्याले! हाड हरवलं बे तुम्ही. चला, बांधा गठुडं."

मॅडमच्या मनात आलं, हा तापलेला माणूस आता कोणाचं ऐकतो! एवढ्यात सहावीतली पुष्पांजली पुढं झाली. एवढीशी पोर, पण आवाज कसा खणखणीत.

"आबा, वशिंडात हाडच नसते. निव्वळ मांस. आम्हालेबी वाटलं हरवलं, दुसऱ्यांदा खड्डा उकरला आम्ही! मंग मॅडमनं समजावलं. हात द्या इकडं." तिनं त्यांचा हात कण्यावर ठेवला. "इथल्या मणक्यायचे काटे पाहा किती उंच हायेत. याच्यावर बसत होतं वशिंड. आता तुमच्या मानेखाली चाचपा. तुम्हालेबी मणके हायेत."

उकंडरावांनी बैलाचा कणा चाचपला, मग स्वतःचा. सगळ्या पोरांदेखत त्यांचे डोळे भरून आले.

"राहू द्या इथंच," ते म्हणाले.

मॅडमनी अभिमानानं त्या पोरीची पाठ थोपटली.

पोळ्याच्या दिवशी सारे बैल तोरणाखाली गेले. उकंडरावांनी मात्र सुट्टी असून मॅडमना शाळा उघडायला लावली. सोबत त्यांची बायको मनकर्णाबाई, हातात आरतीचं ताट. सांगाड्यावर त्यांनी झूल घातली, कवटीला कुंकू लावलं. दारात ही गर्दी जमली.

"पुष्पांजली, सांग बाई यायले सारं," उकंडराव छाती काढून म्हणाले. "अन् मॅडम, गावात दुसऱ्या कोण्या बैलानं शिकवली काय हो सहावी?"